आजोबांचं वय आणि बापूच्या गोळ्या

गेल्या दिवाळीपासून आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तुमच्याही फोनवर आला असेल. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "आपले आजोबा नव्वद-शंभर वर्षं जगले. त्यांना बीपी नव्हतं, शुगर नव्हती, डॉक्टरचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. तूप, गूळ, दूध पोटभर खाल्लं, विडी ओढली, तरी हार्ट अटॅक हा शब्द माहीत नव्हता. वडिलांची पिढी सत्तरीत गेली. आपल्याला पन्नाशीत स्टेंट पडतोय, मुलांना तिशीत अटॅक येतोय. गोळ्या फेका, आजोबांसारखं जगा." खाली पागोटं घातलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो.

हा मेसेज वाचून माझ्या धाकट्या चुलतभावाने, बापूने, बीपीची गोळी बंद केली. वय छप्पन्न. अंगाने सडसडीत, पहाटे उठून धार काढणारा, व्यसन तंबाखूचं तेवढं. शिमग्याच्या आदल्या दिवशी गोठ्यातच पडला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं.

मी एकतीस वर्षं आरोग्य सेवक म्हणून काम केलं, त्यातली बहुतेक साताऱ्याच्या माण तालुक्यात. हा मेसेज ज्यांनी पाठवला ते नाना आमच्या भावकीतले वडीलधारे, आणि त्यांनी तो चांगल्या मनाने पाठवला होता हे मला माहीत आहे. म्हणूनच त्यातल्या एकेका वाक्याला नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

"आजोबा नव्वद-शंभर वर्षं जगले."

आमचे आजोबा अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेले असं घरात सगळे सांगतात. ते गेले १९८९ साली. पण त्यांच्याच तोंडून मी कितीदा तरी ऐकलंय, "मानमोडीच्या साली मी नुकता गुरांमागं जायाला लागलो हुतो." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. पोर गुरांमागे जातं ते आठ-दहा वर्षांचं झाल्यावर. म्हणजे जन्म १९०८ च्या आसपास आणि जाताना वय एक्याऐंशी. वरची सतरा वर्षं आम्ही प्रेमापोटी लावली. जन्माची नोंद तेव्हा ठेवत होतं कोण? त्यांच्या पुढच्या पिढीचंही वय मास्तरांनी अंदाजाने दाखल्यावर टाकलं, म्हणून तर गावोगाव इतक्या माणसांची जन्मतारीख १ जून असते.

एक्याऐंशी हेही भरपूरच झालं. पण आजोबा एकटे नव्हते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याची नामावळी आहे. तीत आजोबांच्या पिढीला सहा भाऊ आहेत. नावं वहीत मिळाली, बाकीचं थोरल्या आत्याने सांगितलं. दोघं लहानपणीच देवी येऊन गेले. एक मानमोडीत गेला. एक पंढरीच्या वारीहून परतताना पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने गेला, तिशीही उलटली नव्हती. पाचवे मुंबईला गिरणीत होते, क्षय घेऊन गावी आले आणि चाळिशीच्या आत संपले. सहावे आमचे आजोबा. त्या पाच जणांना आजोबा म्हणणारं कुणी जन्मालाच आलं नाही, मग त्यांची आठवण ठेवणार कोण? प्रत्येक घरात हेच झालंय. जो उरला तोच आजोबा झाला, आणि उरलेल्याकडे बघून आपण सगळ्या पिढीची प्रकृती ठरवतो.

देशाचे आकडेही हेच सांगतात. १९२१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, इतकी माणसं मधल्या काळात साथींनी नेली. १९४१ ते १९५१ या दशकात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. २०१६ ते २०२० या काळात ते ७० झालं.

यावर नाना म्हणतील, सरासरी खाली ओढली ती लहान मुलांच्या मृत्यूंनी, जगलेले मात्र दणकट होते. मुद्दा रास्त आहे. १९५१ च्या सुमारास हजार जन्मांमागे दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली हा आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ होता. म्हणून मुलं बाजूला ठेवू आणि साठी गाठलेले पुरुषच मोजू. १९७०-७५ मध्ये साठीच्या पुरुषापुढे सरासरी आणखी तेरा-चौदा वर्षं होती. आता सतरा-अठरा आहेत. म्हणजे बालपण, तरुणपण सगळं पार करून आलेला दणकट गडीसुद्धा पूर्वी आजच्यापेक्षा लवकर जात होता.

खरे शतायुषी होतेच. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली, १०४ व्या वर्षी गेले. ते वय पुराव्याचं आहे. पण त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या, तिशीच्या आतच. त्या काळातल्या घरात ही दोन्ही आयुष्यं एकाच छपराखाली असायची. अगदी १९७०-७५ पर्यंत आपल्या देशात पुरुषाचं आयुर्मान ५०.५ आणि बाईचं ४९ होतं. म्हातारे नवरे मागे राहत, बायका आधी जात. २०१६ ते २०२० या काळात पुरुष ६८.६ आणि बाई ७१.४. बाळंतपणं सुरक्षित झाली तशा बाया पुढे गेल्या. पुरुषांचंही आयुष्य वाढलं, पण तंबाखू, दारू, रस्त्यावरचे अपघात आणि "मला काय धाड भरलीय" हा हट्ट यांनी त्यांना मागे ठेवलं. उपकेंद्रात तपासणीच्या दिवशी बायांची रांग लागायची आणि त्यांचे नवरे बाहेर गाडीवर बसून राहायचे, हे मी वर्षानुवर्षं बघितलंय.

"बीपी नव्हतं, शुगर नव्हती."

नव्हती म्हणजे मोजली नव्हती. दंडाला पट्टा बांधून, स्टेथोस्कोपने ऐकून वरचं-खालचं बीपी मोजण्याची रीत निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने १९०५ साली सांगितली. ती खेड्यात पोचायला पुढे किती दशकं लागली ते माझ्या पिढीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारा. मोजमाप नव्हतं, परिणाम मात्र होते. महात्मा फुल्यांना १८८८ साली पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली, पुढचं लिखाण त्यांनी डाव्या हाताने केलं आणि १८९० साली वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते गेले. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगात त्यांना त्यासाठी पथ्याचं खावं लागे. गोपाळ कृष्ण गोखल्यांना मधुमेह होता. १९१५ साली ते गेले तेव्हा वय अवघं अठ्ठेचाळीस. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची शेवटची वर्षं मधुमेहाने पोखरली. १९५६ साली गेले तेव्हा पासष्ट. महाराष्ट्र ज्यांच्या नावाने ओळखला जातो ती ही माणसं. यांची दुखणी आपल्याला माहीत आहेत कारण त्यांच्या भोवती डॉक्टर होते आणि लिहून ठेवणारे होते. वाडीवस्तीवरच्या माणसाबद्दल एवढंच म्हटलं जायचं: "वारं गेलं अंगावरून", "छातीत कळ आली अन् बसल्या जागी गेला", "पायाची जखम भरलीच नाही". यातलं पहिलं बहुधा बीपी, दुसरं हृदय, आणि तिसऱ्यात कित्येकदा शुगर.

मधुमेह आपल्याकडे नवा तर नाहीच. सुश्रुतांनी प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: जन्मासोबत येणारा सहज, आणि चुकीच्या आहारविहाराने होणारा अपथ्यनिमित्तज. हजारो वर्षांपूर्वी ज्याचं इतकं बारीक वर्गीकरण झालं तो रोग आपल्या आजोबांच्या काळात नव्हताच, हे कसं मानायचं? १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागेपर्यंत लहान वयात होणाऱ्या मधुमेहाची मुलं थोड्याच काळात दगावत. कारण म्हणून कुठे लिहिलं गेलं असेल तर "ताप" किंवा "अशक्तपणा". आजसुद्धा देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेले फार थोडे. २०२० साली ते २२.५ टक्के होते. मग १९४० सालच्या मृत्यूंच्या कारणांवर आपण कशाच्या आधारावर शपथ घेतो?

"डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही."

खरं आहे, कारण डॉक्टर नव्हता. आजोबांच्या पिंडरीवर नारूचा वण होता. विहिरीच्या पाण्यातून अंगात शिरलेला तो हातभर लांब किडा काडीला गुंडाळत दिवसेंदिवस बाहेर काढायचा. देशातला शेवटचा नारूचा रुग्ण १९९६ साली सापडला. देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली. हे दोन्ही रोग गावोगाव फिरणाऱ्या माणसांनी घालवले, पायपीट करून, पाणी गाळून घ्यायला शिकवून, लस टोचून. म्हाताऱ्या पुरुषांचं आणखी एक दुखणं कुणी उघड बोलत नसे. लघवी तुंबायची. आज प्रोस्टेटची गोळी मिळते, गरज पडली तर शस्त्रक्रिया होते. तेव्हा माणूस रात्रभर विव्हळायचा आणि घरचे बाहेर ओट्यावर बसून राहायचे. साठीत मोतीबिंदूने डोळे गेलेला, काठी धरून पाराच्या कडेला बसलेला म्हातारा प्रत्येक गावात होता. फोटोत त्याचं पागोटं सुंदर दिसतं, डोळ्यांतला मोतीबिंदू दिसत नाही.

"तूप, गूळ, दूध पोटभर."

कुणाच्या घरी? माणदेशात ज्वारी-बाजरीची भाकरी, कालवण, ठेचा हे रोजचं, भात सणाला, तूप सणाला आणि बाळंतिणीला. दूध असेल तर ते विकायला. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घराने मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि सुकडी खाल्ली. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तेव्हा धाकटा भाऊ तिच्या पोटात होता. ही भूक विसरून आपण त्या पिढीच्या ताटात तूप वाढतो तेव्हा त्यांचे कष्टच पुसून टाकतो. मला या मेसेजमध्ये सर्वांत जास्त लागलेलं वाक्य हे.

"विडी ओढूनही काही झालं नाही."

ब्रिटनमध्ये १९५१ साली रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांची माहिती गोळा करायला सुरुवात केली आणि पन्नास वर्षं पाठपुरावा केला. त्यातले बरेच जण आमच्या आजोबांच्याच वयाचे. निष्कर्ष असा निघाला की सिगारेट ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. ज्यांनी तिशीत सोडली त्यांची जवळजवळ सगळी दहा वर्षं वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा, साठीत सोडणाऱ्यांचीही तीन. भारतात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य साधारण सहा वर्षांनी कमी भरलं. आपल्याकडे विडीने माणूस कित्येकदा क्षयाच्या वाटेने जातो, म्हणून घरात नाव क्षयाचं राहतं. गिरणीतले आमचे चुलत आजोबा विडी ओढायचे, हेही आत्याने सांगितलंय.

आता तो जिना: आजोबा नव्वद, वडील सत्तर, आपण पन्नास, मुलं तीस.

हा हिशेब ऐकायला पटतो, पण त्याची मांडणीच चुकीची आहे. आपल्या पिढीतली जी माणसं नव्वदीत जाणार आहेत ती अजून नव्वदीला पोचलेलीच नाहीत. मुलांच्या पिढीतलं कुणी आज गेलं तर ते तिशीतच जाणार, कारण त्या पिढीत अजून कुणी म्हातारं झालेलंच नाही. उलट आजोबांच्या पिढीतले तिशीत गेलेले कधीच विसरले गेले, आठवतात ते सर्वांत शेवटी गेलेले. कोणत्याही काळात, कोणत्याही गावात, असा जिना मांडता येईल.

दोन पिढ्या ताडून बघायच्या तर एकाच वयाला, एकाच मापाने बघाव्या लागतात. फिनलंडमध्ये यिवास्किला विद्यापीठाने तसं केलं. १९८९-९० साली ७५ ते ८० वर्षांच्या माणसांची चाल, हाताची पकड, पायातली ताकद मोजली होती. २०१७-१८ साली त्याच वयाच्या नव्या पिढीची तशीच मोजली. नवी पिढी जास्त वेगाने चालत होती, पकड ५ ते २५ टक्क्यांनी आणि गुडघ्याची ताकद २० ते ४७ टक्क्यांनी जास्त होती. फिनलंड म्हणजे माण नव्हे. तिथलं बालपणाचं खाणं, शिक्षण, औषधोपचार वेगळे. पण नवी पिढी कमजोरच निघते असा काही निसर्गाचा नियम नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. आपल्या पुरुषांना हृदयविकार लवकर गाठतो. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या झटक्याचं सरासरी वय ५३ होतं, बाकी देशांत ५८.८. मधुमेह तर खरोखर वाढलाय: २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना तो असल्याचा अंदाज निघाला, आणि मोठ्या माणसांत दर तिघांमागे एकाहून जास्त जणांना उच्च रक्तदाब. आजोबा रोज शेतावर पायी जायचे, नातू मोटारसायकलवर जातो. आजोबांच्या हाती मोट होती, नातवाच्या हाती बटण आहे. हालचाल कमी झाली, तळलेलं आणि पाकिटातलं वाढलं, झोप घटली. हे सगळं मान्य.

पण एवढ्यावर थांबलं की दोष सगळा नातवाच्या आळसावर जातो. पुण्यात याच प्रश्नाच्या मुळाशी जाणारं काम झालंय आणि ते मराठी घरांत पोचायला हवं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाया गरोदर राहण्याआधीपासून अभ्यासल्या. या बायांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं जन्मली सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण बाळ लहान म्हणजे सगळंच लहान असं नव्हतं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून. दिसायला रोड, आतून चरबीचं. पुढे पोटभर खायला मिळालं, कष्ट कमी झाले, की हेच शरीर साखर सांभाळू शकत नाही. ज्या आया पालेभाज्या, दूध, फळं जास्त खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. ज्या जास्त कष्ट करत होत्या, पाणी वाहणं, शेतात राबणं, त्यांची लहान.

याज्ञिकांनी स्वतःचाच दाखला दिलाय. ते आणि ब्रिटिश प्राध्यापक जॉन युडकिन, दोघांची उंचीच्या प्रमाणात वजनाची मोजणी म्हणजे बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ साली दोघांचा फोटो त्या आकड्यांसह 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आमचा बापू सडसडीत होता म्हणून त्याला बीपी-शुगर व्हायचं काय कारण, असं सगळे म्हणत होते. त्याला हा फोटो मी फार उशिरा दाखवला.

म्हणजे ज्या पिढीचं तूप-दूध आपण गातोय तिच्या बायांच्या उपासमारीचा आणि डोक्यावरच्या हंड्यांचा हिशेब आज मुलाच्या, नातवाच्या रक्तात निघतोय. आजोबा दणकट आणि नातू नादान, असं हे प्रकरण नाही. एकाचं दुखणं दुसऱ्याकडे चालत आलंय. आजच्या पुरुषाची पन्नाशी सुधारायची तर त्याला चालायला लावाच, पण घरातली सून गरोदर असेल तर तिच्या ताटात पालेभाजी आणि दूध आहे का, तिच्या डोक्यावरचा हंडा कुणी घेतोय का, तेही बघायला हवं. पुरुषाच्या प्रकृतीची सुरुवात तिथे होते.

शेवटचं वाक्य: "गोळ्या फेका."

बीपीची गोळी घेताना माणसाला काही होत नसतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणून वाटतं, आता कशाला? पण आतला धोका दबून आहे तो गोळी चालू आहे म्हणून. बंद केली की काही दिवसांत बीपी पूर्वीच्या जागी येतं आणि तरीही काहीच जाणवत नाही, मग एक दिवस मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडते नाहीतर फुटते. गोळी कमी होऊ शकते. मीठ, लोणचं, पापड आवरले, पोटाचा घेर उतरला, रोज चालणं सुरू झालं, तंबाखू सुटली, तर डॉक्टर बीपी मोजून डोस उतरवतात. ते त्यांच्या हातून, मोजून व्हायला हवं. आजोबांचं पायी चालणं, घरचं साधं जेवण, लवकर झोपणं हे सगळं घ्या. त्यासाठी गोळी सोडावी लागत नाही.

तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर "वारं गेलंय" म्हणत मालीश करत बसू नका. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडतं, आणि ते द्यायच्या आधी सीटी स्कॅन लागतो. १०८ ला फोन करा. बापूला गोठ्यातून उचलून आधी तेल चोळलं गेलं. तासामागून तास तिथेच गेले.

नानांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझीपण गोळी बंद आहे रे, दोन महिने." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, दंडाला पट्टा बांधला. १७८ आणि १०४. त्यांना तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेलो आणि केसपेपर काढला.

बापू आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतो. गोळी दिली की सूनबाई कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकटीत पेनाने खूण करते. मागच्या महिन्यात एकही चौकट रिकामी नव्हती.